ओल, कोरड आणि गारठा : ‘चिल’ या शब्दाच्या अनुवादाचा इतिहास

इंग्रजीतील ‘चिल’ हा शब्द लहान आणि रोजच्या वापरातला. हवेतला गारठा, तापाआधी अंगात भरणारी हुडहुडी, भीतीने अंगावरून सरकणारी शिरशिरी, माणसाच्या वागण्यातला दुरावा, पदार्थ गार करण्याची क्रिया आणि अलीकडच्या तरुण बोलीतले ‘निवांत राहणे’ असे निदान सहा अर्थ तो वागवतो. या सहा अर्थांना मराठीत सहा निरनिराळे शब्द लागतात, यात नवल नाही. दोन भाषांमधील कोणत्याही सामान्य शब्दाची अवस्था अशीच असते. विचार करायला लावणारा आहे तो चौथा अर्थ. दुरावा, अनास्था, आपुलकीचा अभाव या अर्थाने येणाऱ्या ‘चिल’ला आणि त्याच्या भावंडाला, म्हणजे ‘कोल्ड’ला, आज मराठी लेखनात सर्रास ‘थंडपणा’ किंवा ‘थंड’ हा प्रतिशब्द येतो. तो कोठून आला, त्या जागी मराठी पूर्वी काय म्हणत होती आणि या बदलाने आपल्या वाचनात काय फरक पडला, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तुलनेसाठी येथे डच भाषा घेतली आहे. डचांचा आणि मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. १६३७ मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना तिचा आधार होता. डच कंपनीचा नोकर केटलार याने हिंदुस्थानी भाषेचे जे डच व्याकरण रचले त्याची १६९८ सालची हस्तलिखित प्रत उपलब्ध आहे. हिंदुस्थानी भाषेचे हे आपल्याला ज्ञात असलेले सर्वांत जुने युरोपीय व्याकरणांपैकी एक. तरीही मराठीच्या अर्थव्यवहारावर, विशेषतः भाववाचक शब्दांवर, डचचा ठसा उमटलेला नाही. इंग्रजीची ती सख्खी बहीण, आणि आपल्याशी मात्र तिचा हिशेब कोरा. साक्षीदार म्हणून ती उपयोगी आहे ती याच कारणाने.

इंग्रजी-डच अनुवादकाचे काम पाहिले तर प्रथमदर्शनी त्याचा हेवा वाटतो. इंग्रजीत ‘कोल्ड’, ‘कूल’ आणि ‘चिल’. डचमध्ये ‘कौट’, ‘कूल’ आणि ‘किल’. तिन्ही जोड्या एकाच जर्मानिक मुळाच्या, लॅटिनमधल्या गोठण्याच्या शब्दाशी नाते सांगणाऱ्या. हवेचा गारठा डचमध्ये ‘किल’ असतो आणि माणसाची नजरही ‘किल’ असते. थंडे स्वागत तेथे ‘कूल’ असते. म्हणजे उष्णता ही आपुलकी आणि तिचा अभाव हा दुरावा, हे रूपक दोन्ही बहिणींनी एकाच घरातून आणले आहे. अनुवादकाला ते उचलून पलीकडे ठेवावे लागत नाही, ते तेथे असतेच.

मात्र या बहिणींचे सगळेच एक आहे असे नाही, आणि जेथे त्या वेगळ्या होतात ती जागा मराठीच्या अभ्यासकाला विशेष बोलकी वाटावी. इंग्रजी माणूस थंडी वाजत असताना ‘मी थंड आहे’ अशी वाक्यरचना करतो. तीच रचना तृतीयपुरुषी केली की तिचा अर्थ दोलायमान होतो : तिला थंडी वाजते आहे, की ती स्वभावाने दूरस्थ आहे? डच भाषक असे म्हणत नाही. तो शब्दशः ‘माझ्याजवळ ते थंड आहे’ अशा वळणाचे वाक्य करतो. ‘मी थंड आहे’ म्हटल्यास ऐकणारा अंगाला हात लावून पाहील. जर्मन तर सरळ चतुर्थीसारख्या विभक्तीचा आधार घेते. मराठीत ‘मला थंडी वाजते’. येथे थंडी हा कर्ता आहे आणि मी तिचा भोक्ता. भूक लागते, राग येतो, झोप येते, तशीच थंडी वाजते. अनुभव माणसावर येतो, माणूस अनुभवाशी एकरूप होत नाही. या एका बाबतीत डच आपल्या बहिणीपेक्षा मराठीला जवळची आहे. इंग्रजीत शरीराच्या थंडीवरून स्वभावाच्या थंडीवर घसरणे सोपे झाले त्याला ही वाक्यरचनाही काही अंशी कारण झाली असावी, असे मला वाटते. मराठी वाक्यात मात्र ती घसरण आपोआप होत नाही.

शरीराच्या पातळीवर तिन्ही भाषा एकमेकींना चांगल्या समजतात. बुलढाणा जिल्ह्याचे भूगोलाने दोन भाग केले आहेत, पूर्णेच्या खोऱ्यातला पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट. बोलताना ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’. मलकापूर, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. चिखली, मेहकर आणि खुद्द बुलढाणा घाटावर. या मुलखात जुन्या माणसांच्या तोंडी थंडीसाठी ‘हिव’ हा शब्द आहे. संस्कृत ‘हिम’पासून प्राकृतातून घसरत आलेला हा शब्द प्रमाण मराठीने जवळजवळ टाकून दिला, ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’ या दोन जोडशब्दांत तेवढा तो सर्वांना भेटतो. त्यांतला ‘हिवताप’ तर सरकारदरबारी रुजू आहे. १९५३ मध्ये देशभर हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हिवतापाची कार्यालये उभी राहिली. युरोपने या रोगाला दूषित हवेवरून ‘मलेरिया’ म्हटले. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचे जंतू दाखवून दिल्यावर हवेचा दोष गेला, नाव राहिले. मराठी नाव मात्र कारणावरून नव्हे, लक्षणावरून पडलेले आहे, त्यामुळे रॉसच्या शोधाने त्याला धक्का लागला नाही. डचमध्ये या तापाचे जुने नाव शब्दशः ‘थंड ताप’ असेच आहे. नेदरलँड्सच्या दलदलीच्या प्रदेशात हा रोग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. १९७० मध्ये तो देश हिवतापमुक्त म्हणून नोंदला गेला. इंग्रजीतही थंडी वाजून येणाऱ्या तापाच्या वर्णनात ‘चिल’ हाच शब्द अनेकवचनी येतो. दातखीळ बसवणारी हुडहुडी वऱ्हाडात, लंडनजवळच्या पाणथळीत आणि ॲमस्टरडॅमच्या परिसरात सारखीच, म्हणून शब्दही एकमेकांसमोर बिनतक्रार उभे राहतात.

शरीर सोडून मनाकडे वळले की हा सलोखा संपतो.

मराठीतल्या थंडीच्या शब्दांचे थर आधी वेगळे करायला हवेत. ‘शीत’ हा शास्त्राचा आणि राज्यव्यवहाराचा शब्द : शीतगृह, शीत कटिबंध आणि १९४७ नंतर वापरात आलेले शीतयुद्ध. (येथे शितावरून भाताची परीक्षा करू नये, ते ‘शीत’ वेगळे.) ‘थंड’ हा बाजाराचा आणि व्यवहाराचा शब्द. ‘गार’ घरातला : माठातले पाणी गार असते, पोळी गार होते. ‘हिव’ अंगातले. पेय ‘शीत’ झाले की जाहिरातीत जाते, ‘थंड’ झाले की दुकानात आणि ‘गार’ झाले की आईच्या हातून मिळते. एसटीच्या थांब्यावर तेच ‘कोल्ड्रिंक’ असते.

यांपैकी ‘थंड’चे मूळ संस्कृत ‘स्तब्ध’शी जोडण्याची व्युत्पत्तिकारांची परंपरा आहे. ती मान्य केली तर एक अर्थपूर्ण जोड दिसते. अमरकोशात थंड या अर्थाच्या शब्दांत ‘जड’ हाही शब्द आहे. जे जड तेही न हलणारे, जे स्तब्ध तेही न हलणारे. मराठीतला ‘थंड’ हा मुळात गतिहीनतेचा शब्द आहे. बाजार थंड असतो, काम थंडावते, आंदोलन थंडावते. ‘थंड माणूस’ म्हणजे घाई न करणारा, प्रसंगी सुस्त, प्रेमहीन नव्हे. ‘थंडा फराळ’ म्हणजे उपास : चूलच हलली नाही. उपेक्षेचा सूर असला तरी तो मंदपणाबद्दलचा आहे.

थंडीचा दुसरा अर्थपट याच्या उलट बाजूचा, सुखाचा. डोळे निवतात, जीव गार होतो, पोटाला थंडावा मिळतो, मायेचा हात शीतल असतो. ताप, संताप, दाह, होरपळ हे दुःखाचे शब्द आहेत आणि निवणे हा त्यांवरचा उतारा. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खायचे, कारण देवीला शांत करायचे असते. पसायदानात सूर्य हवा आहे, पण त्याचा ताप वजा करून. मराठी संतकवितेतल्या चंद्र, चंदन, चकोर या प्रतिमांची सारी व्यवस्था थंडाव्याच्या या मूल्यावर उभी आहे. प्रेमळ माणसाचे वर्णन ‘उबदार’ असे करणारा वाचक या कवितेकडे आला तर त्याला पदोपदी अडखळावे लागेल. तो अडखळत नसेल तर तो शब्द वाचतो आहे, प्रतिमा वाचत नाही.

मग आपुलकीचा अभाव मराठी कशाने दाखवत होती? उत्तर इतके जवळचे आहे की ते नजरेतून सुटते. माणूस ‘कोरडा’ असतो. सहानुभूती कोरडी, चौकशी कोरडी, स्वागत कोरडे, स्वभाव रुक्ष. उलट प्रेमात ‘ओलावा’ असतो, मनाला ‘पाझर’ फुटतो, आईला ‘पान्हा’ येतो, प्रेम ‘आटते’. ‘जिव्हाळा’ या शब्दाचा एक जुना अर्थ जमिनीतला पाण्याचा जिवंत झरा. ‘स्नेह’ हा संस्कृत शब्दही प्रथम तेल-तुपाचा स्निग्धपणा दाखवतो, मग मैत्री. ‘रस’ आणि ‘रसिक’ याच गोत्रातले. म्हणजे इंग्रजी आणि डच या भाषांचा आपुलकीचा अक्ष ऊब आणि गारठा यांच्यामध्ये ताणलेला आहे, मराठीचा ओल आणि कोरड यांच्यामध्ये. मराठीत उष्ण-शीत अक्ष आहेच. पण तो दुःख आणि सुख यांचा आहे, दुरावा आणि प्रेम यांचा नाही. घाटाखालच्या कपाशीच्या रानात पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्याला ‘ओल’ म्हणजे काय हे समजावून द्यावे लागत नाही. पेरणीआधी मूठभर माती दाबून तो ओलच पाहत असतो.

येथून कोशांच्या इतिहासाकडे वळता येते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मराठीने जे म्हटले ते इंग्रजीत समजावून सांगणे हे त्याचे काम होते, आणि म्हणून मराठीच्या अर्थच्छटांबद्दल तो आजही विश्वासार्ह वाटतो. मोल्सवर्थने आरंभिलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. १८७३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्याचे काम उलट दिशेचे. पहिल्या कोशात मराठी शब्द प्रश्न विचारतो, दुसऱ्यात इंग्रजी शब्द. दुसऱ्या दिशेने जाताना इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ एका डोक्याखाली येतात आणि त्यांच्यासमोर मराठी शब्दांची रांग लागते. रांगेतला पहिला, सर्वांत सामान्य शब्द घाईतला अनुवादक उचलतो. शालेय पुस्तके, कायद्यांची भाषांतरे आणि पुढे वर्तमानपत्रांतल्या तारा या घाईत झाल्या. ‘कोल्ड’समोर ‘थंड’ हा शब्द हवेपुरता बरोबर होता; स्वागताच्या आणि नजरेच्या ‘कोल्ड’लाही तोच लागू झाला तो या व्यवहारात, असा माझा तर्क आहे. कँडींसारख्या परभाषी विद्वानाने व्यासंगाने केलेल्या कोशाला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. कोश वापरणारे आपण होतो.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये निबंधमाला सुरू केली ती ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ या विषयानेच. इंग्रजी वळणाच्या मराठीवरचा त्यांचा राग सर्वश्रुत आहे. पण तेथून माधव जूलियनांच्या ‘भाषाशुद्धि-विवेक’पर्यंत (१९३८) चाललेली शुद्धीची चर्चा मुख्यतः शब्दांच्या कुळाची राहिली : शब्द फारसी की संस्कृत, इंग्रजी की देशी. ‘थंड’ हा अस्सल देशी शब्द. त्याच्या पोटात परके रूपक शिरले तेव्हा सीमेवरच्या पहारेकऱ्याला काही संशयास्पद दिसणे शक्यच नव्हते. परका शब्द ओळखू येतो, परका अर्थ येत नाही. शुद्धिवाद्यांनी ‘कोल्ड’ला अडवले असते, ‘थंड’ला त्यांनी सलामच केला असता.

या ठिकाणी एक सोपे स्पष्टीकरण पुढे येते आणि ते बाजूला केले पाहिजे. उष्ण देशात गारवा सुखाचा, थंड देशात ऊब सुखाची. हवामान बदलले की रूपक बदलते, असे ते स्पष्टीकरण. त्यात तथ्य नाही असे नाही. ब्रिटिशांनी वऱ्हाडात १८५३ नंतर बस्तान बसवले आणि या जिल्ह्याचे ठाणे घाटावर, बुलढाण्याला ठेवले. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा यांना इंग्रजीत डोंगरावरून नाव मिळाले, मराठीत ती ‘थंड हवेची ठिकाणे’ झाली. इंग्रजी नावात थंडी नाही. ती मराठीने आपल्या पदरची घातली, आणि ‘थंड’ शब्दाचा जुना सुखद अर्थ तेथे शाबूत आहे. पण हवामानाने सगळे उलगडत नाही, याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. निजामाच्या आणि त्याआधीच्या सुलतानांच्या काळापासून येथे फारसी आणि मग उर्दू नांदते आहे. उर्दूत उत्साही स्वागताला ‘गर्मजोशी’ म्हणतात आणि दुराव्याला ‘सर्दमेहरी’, म्हणजे प्रेमाची थंडी. आणि त्याच उर्दूत लाडक्या मुलाला ‘आँखों की ठंडक’ म्हणतात. अरबीतून आलेला हा डोळे निवण्याचाच वाक्प्रचार. एकाच हवेत, एकाच गावात, एकाच भाषेच्या पोटात दोन्ही अक्ष सुखाने राहतात. मराठीने या शेजारणीकडून ‘सर्दी’ घेतली, ‘सर्दमेहरी’ घेतली नाही. पडसे आले, दुरावा आला नाही. नाकाला शब्द हवा होता. मनाची गरज ‘कोरडा’ भागवत होता. उसनवारीत भाषा निवड करते, हे हवामानाच्या सिद्धान्तात बसत नाही.

हा प्रश्न केवळ अनुवादकाचा नाही. लेकॉफ आणि जॉन्सन यांनी १९८० च्या पुस्तकात रूपक हे विचाराचेच साधन असल्याचे मांडले. १९९९ च्या ग्रंथात त्यांनी आणखी पुढे जाऊन, ग्रेडीच्या संशोधनाच्या आधारे, ‘माया म्हणजे ऊब’ हे प्राथमिक रूपकांपैकी एक मानले : मूल कुशीत असते, कुशीला ऊब असते, आणि म्हणून जगभरच्या माणसांच्या मनात माया आणि ऊब यांची गाठ पडते. ही उपपत्ती आपल्याकडे पदव्युत्तर वर्गांत बहुधा विनाचौकशी शिकवली जाते. मराठीने तिला विचारावयाचा प्रश्न साधा आहे. कुशीतल्या मुलाला फक्त ऊब मिळते काय? त्याच क्षणी त्याच्या ओठांशी दूध असते. ‘पान्हा’ हा शब्द त्याच शरीरानुभवातून आला आहे आणि ‘ओलावा’ त्याचाच विस्तार. एकाच प्रसंगातून एका भाषासमूहाने ऊब उचलली, दुसऱ्याने ओल. शरीर सर्वांचे सारखे हे खरे. त्याच्या अनुभवातले काय निवडायचे हे शरीर ठरवत नाही. ‘मायेची ऊब’ असेही आपण म्हणतो, आणि ‘ऊब’ हा शब्द तर मराठीचाच आहे, असा आक्षेप येईल. तो मान्य आहे. गोधडीला आणि कुशीला ऊब असते, तेथवर हा प्रयोग मराठीच्या अंगावरचाच आहे. ‘उबदार स्वागत’ झाले की मात्र गोधडी नाहीशी होऊन मागे इंग्रजी शब्द दिसू लागतो.

भीतीच्या ‘चिल’चे तेच. ‘मणक्यातून थंड लहर गेली’ हे वाक्य अनुवादित रहस्यकथांनी मराठीत आणले. डचमध्येही शिरशिरी पाठीवरूनच चालत जाते. मराठीत अंगावर काटा येतो, काळजात धस्स होते, बोबडी वळते. भीती कधी त्वचेत, कधी काळजात, कधी जिभेवर. याबद्दल अधिक लिहिण्याजोगे आहे, पण ते वेगळ्या निबंधाचे काम.

परक्या अर्थाचे पुढे काय झाले हे पाहणे मला त्याच्या निषेधापेक्षा महत्त्वाचे वाटते. ‘मतदानाला थंड प्रतिसाद’ असे मराठी वर्तमानपत्र लिहिते तेव्हा मतदारांच्या मनात उमेदवाराविषयी दुरावा होता असे वाचकाला कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की माणसे कमी आली, रांग हलली नाही. इंग्रजी रचनेवरून बेतलेला शब्दप्रयोग मराठीच्या जुन्या गतिहीनतेच्या अर्थाने गिळून टाकला आहे. तोच शब्द व्यक्तीला लावला की निकाल वेगळा. ‘तो थंड आहे’ याचा अर्थ शहरी कादंबरीचा वाचक एक लावतो, चिखलीच्या आठवडी बाजारातला माणूस दुसरा. एकाला तो माणूस निर्दय वाटतो, दुसऱ्याला गरीब स्वभावाचा. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ आज एकाच भाषेत शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. समीक्षेत ‘थंड निवेदनशैली’ असा शेरा मारला जातो तेव्हा त्यातून तटस्थता अभिप्रेत आहे, मंदपणा, की सहानुभूतीचा अभाव, हे शेरा मारणाऱ्याने स्पष्ट करावे अशी अपेक्षा गैर नाही. अभाव म्हणावयाचा असेल तर ‘कोरडी’ हा शब्द हाताशी आहे.

आणि सहावा अर्थ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी बोलीत ‘चिल’ला ‘निवांत हो, शांत हो’ असा अर्थ आला. मराठी मुले आज ‘चिल मार’ म्हणतात आणि त्यांचे वडील भाषा बिघडल्याचे दुःख करतात. पण हा शब्द ज्या अर्थाने आला आहे तो त्यांच्या आजीच्या ‘निवलं’ या शब्दाच्या अंगणातला आहे. इंग्रजीच येथे मराठीच्या जुन्या घराकडे सरकली. डच तरुणांनीही हा शब्द घेतला, ‘चिलन’ या रूपात, मजेत वेळ घालवणे या अर्थाने. त्यांच्या भाषेत ‘किल’ आधीपासून होता आणि आजही आहे. अंगाला झोंबणारी हवा आणि तुटक नजर यांच्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. एकाच मुळातून निघालेले हे दोन शब्द तेथे एकाच वाक्यात येऊ शकतात, आणि त्या वाक्याचा मराठी अनुवाद करणाऱ्याला एकासाठी ‘निवांत’ आणि दुसऱ्यासाठी ‘कोरडी’ असे थंडीशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द वापरावे लागतील.